पीआय कमी म्हणजे आम्ल तीव्र? अमिनो आम्लं आणि प्रथिनांच्या प्रभाराचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: अ‍ॅस्पार्टिक आम्लाचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट, म्हणजे पीआय, २.७७ आहे, ग्लायसिनचा ५.९७ आणि लायसिनचा ९.७४. मग पीआय जितका कमी तितकं अमिनो आम्ल जास्त आम्लधर्मी, असा सरळ नियम करता येईल का? ग्लायसिनचा आकडा ७ च्या खाली असूनही पुस्तकं त्याला उदासीन का म्हणतात? आणि प्रथिनांनाही हेच लागू पडतं का?

नियम अर्धा बरोबर आहे. पीआय कमी असला की त्या रेणूत आम्लधर्मी गटांचं पारडं जड आहे, एवढं म्हणता येतं. पण त्यातला अमुक एक गट किती तीव्र आम्ल आहे, किंवा बाटलीतली पूड पाण्यात टाकल्यावर ते पाणी किती आम्लधर्मी होईल, ही दोन उत्तरं पीआयकडे नसतात. परीक्षेच्या वहीत आणि प्रयोगशाळेत जे घोळ होतात ते बहुतेक या तीन गोष्टी एकच समजल्याने होतात.

तीव्रता सांगणारा आकडा पीकेए. ज्या पीएचला एखाद्या गटाने निम्म्या रेणूंत प्रोटॉन सोडलेला असतो आणि निम्म्यांत धरून ठेवलेला असतो, तो त्या गटाचा पीकेए. प्रत्येक गटाला स्वतःचा पीकेए असतो. पीआय मात्र अख्ख्या रेणूचा एकच: ज्या पीएचला धन आणि ऋण प्रभारांची सरासरी बेरीज शून्य होते तो. पीकेए म्हणजे खात्यातली एकेक नोंद आणि पीआय म्हणजे जमाखर्च जुळतो ती जागा. जुळवणीची जागा पाहून एखाद्या नोंदीचा आकडा ओळखायला गेलं तर फसायला होतं.

आर्जिनिन घ्या. पीआय १०.७६, नेहमीच्या वीस अमिनो आम्लांत सर्वांत जास्त. त्याच्या मुख्य कार्बोक्झिल गटाचा पीकेए २.१७ आहे, ग्लायसिनच्या त्याच गटाचा २.३४. म्हणजे ‘सर्वांत आम्लारिधर्मी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आर्जिनिनचा कार्बोक्झिल ग्लायसिनच्या कार्बोक्झिलपेक्षा किंचित तीव्र आम्ल आहे. हिस्टिडिनचा तर १.८२. आता व्हिनेगरमधलं अ‍ॅसिटिक आम्ल पाहा: तिथे तोच कार्बोक्झिल गट, पण पीकेए ४.७६. ग्लायसिनचा कार्बोक्झिल त्याच्या सुमारे अडीचशे पट तीव्र आहे. कारण शेजारच्याच कार्बनवर धनप्रभारित अमिनो गट बसलेला असतो. तो इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, प्रोटॉन निघून गेल्यावर उरलेला ऋण प्रभार सांभाळून घेतो, आणि त्यामुळे प्रोटॉन सोडणं सोपं जातं. बाजूच्या साखळीवर, म्हणजे प्रत्येक अमिनो आम्लात वेगळा असणाऱ्या भागावर, आणखी एखादा धन प्रभार असेल तर हा परिणाम थोडा वाढतो. आर्जिनिन आणि हिस्टिडिनमध्ये तेच दिसतं.

सगळ्या अमिनो आम्लांत मुख्य कार्बोक्झिलचा पीकेए २ च्या आसपास आणि मुख्य अमिनो गटाचा साधारण ९ ते १० असतो. पीआय २.७७ पासून १०.७६ पर्यंत पसरतो तो बाजूच्या साखळीमुळे.

आता ग्लायसिन उदासीन कसं? त्याच्याकडे एक कार्बोक्झिल (२.३४) आणि एक अमिनो गट (९.६०). दोन्हींची सरासरी ५.९७. ही सरासरी ७ वर पडावी असा कुठलाही नियम नाही. ७ हा पाण्याचा मध्यबिंदू आहे, ग्लायसिनचा नाही. इथला कार्बोक्झिल आम्ल म्हणून जितका तीव्र आहे तितका अमिनो गट आम्लारी म्हणून तीव्र नाही, म्हणून मध्य थोडा आम्लाच्या बाजूला सरकतो. पुस्तकातल्या ‘उदासीन’चा अर्थ एवढाच की बाजूच्या साखळीत ना आम्लधर्मी गट आहे ना आम्लारिधर्मी.

ग्लायसिनच्या बाबतीत ५.९७ या आकड्यातल्या दशांशांना फार किंमत देऊ नये, असं मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. पीएच ४ ला ग्लायसिनवरचा सरासरी निव्वळ प्रभार सुमारे +०.०२ असतो, पीएच ८ ला सुमारे -०.०२५. म्हणजे ४ ते ८ या अख्ख्या पट्ट्यात तो जवळजवळ शून्यच. टायट्रेशन करताना नेमकं याच भागात पीएच मीटरचा आकडा ब्युरेटच्या थेंबाथेंबाला उडी मारतो, कारण तिथे प्रोटॉन घेणारं-देणारं कुणीच नसतं. पीआयच्या जागी ग्लायसिन बफर म्हणून, म्हणजे पीएच स्थिर ठेवायला, कुचकामी आहे. ते काम करतं २.३ आणि ९.६ च्या आसपास.

आणि पीआयला रेणूवर प्रभारच नसतात, हा समजही काढून टाका. तिथे ग्लायसिनचे जवळजवळ सगळे रेणू झ्विटरआयन असतात: एका टोकाला धन, दुसऱ्या टोकाला ऋण. दोन्ही टोकं खरोखर प्रभारहीन असलेला रेणू काही लाखांत एखादा सापडेल.

अ‍ॅस्पार्टिक आम्लाचा हिशेब एकदा हाताने करून पाहण्यासारखा आहे, कारण हमखास चूक तिथेच होते. तीन पीकेए: मुख्य कार्बोक्झिल १.८८, बाजूचा कार्बोक्झिल ३.६५, अमिनो ९.६०. पुष्कळ जण तिन्हींची सरासरी काढतात आणि ५.०४ उत्तर लिहितात. पडताळून पाहू. पीएच ५.०४ ला अमिनो गट पूर्ण धन, +१. मुख्य कार्बोक्झिल पूर्ण ऋण, -१. बाजूचा कार्बोक्झिल ९६ टक्के ऋण, -०.९६. बेरीज -०.९६. शून्य तर नाहीच, रेणूवर जवळपास एक अख्खा ऋण प्रभार आहे.

बरोबर रीत अशी: निव्वळ प्रभार शून्य असलेलं रूप कोणतं ते आधी ओळखायचं, आणि त्या रूपाच्या दोन्ही बाजूंचे पीकेए घ्यायचे. पूर्ण आम्लात अ‍ॅस्पार्टिकवर +१ असतो. पहिला प्रोटॉन गेला (१.८८) की शून्य, दुसरा गेला (३.६५) की -१. शून्याच्या अलीकडे १.८८, पलीकडे ३.६५, सरासरी २.७७. इथेही पडताळा: या पीएचला मुख्य कार्बोक्झिल सुमारे ८८.५ टक्के ऋण, बाजूचा सुमारे ११.५ टक्के. दोन्ही मिळून एक. अमिनोचा +१ बरोबर फिटला. तिसरा पीकेए इतका लांब आहे की त्याचा या हिशेबाशी संबंधच येत नाही. लायसिनमध्ये हेच वरच्या टोकाला घडतं: ८.९५ आणि १०.५३ ची सरासरी ९.७४, आणि २.१८ बाजूला राहतो.

आता बाटलीकडे या. चायनीजच्या गाडीवर ज्याला अजिनोमोटो म्हणतात ते मोनोसोडियम ग्लुटामेट. ग्लुटामिक आम्लाचा पीआय ३.२२, म्हणून त्याचं द्रावण चांगलंच आम्लधर्मी असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ते ७ च्या आसपास येतं. कारण बाटलीत सोडियमचं क्षार आहे, म्हणजे -१ प्रभाराचं रूप. त्या रूपाच्या दोन बाजूंचे पीकेए ४.२५ आणि ९.६७, सरासरी ६.९६. उलट टोकाला लायसिन. पीआय ९.७४, पण दुकानातून येतं ते बहुधा लायसिन हायड्रोक्लोराइड, +१ चं रूप. त्याची सरासरी २.१८ आणि ८.९५ ची, म्हणजे ५.५७, पाण्यात विरघळवून मीटर लावला तर द्रावण किंचित आम्लधर्मीच दिसतं. म्हणजे ‘आम्लधर्मी’ अमिनो आम्लाचं द्रावण उदासीन आणि ‘आम्लारिधर्मी’ अमिनो आम्लाचं द्रावण आम्लधर्मी. यात विरोधाभास काही नाही. पीआय रेणूचा असतो, द्रावणाचा पीएच त्या रेणूचं कोणतं रूप बाटलीत भरलंय त्यावर ठरतो. शुद्ध, क्षार नसलेलं अमिनो आम्ल शुद्ध पाण्यात पुरेशा प्रमाणात विरघळवलं तरच द्रावणाचा पीएच पीआयच्या जवळ जातो.

प्रथिनांकडे वळलं की पहिली गोष्ट: साखळी जोडताना मुख्य कार्बोक्झिल आणि मुख्य अमिनो गट पेप्टाइड बंधात खर्ची पडतात. उरतात फक्त दोन टोकं आणि बाजूच्या साखळ्या. मग हिशेब मोजणीचा होतो. अ‍ॅस्पार्टेट आणि ग्लुटामेट किती, लायसिन आणि आर्जिनिन किती. अ‍ॅस्पाराजिन आणि ग्लुटामिन यांना नावाच्या सारखेपणामुळे आम्लात मोजू नका, त्यांचे अमाइड गट प्रभारहीन असतात.

आपल्या रक्तातलं अल्ब्युमिन ५८५ अमिनो आम्लांचं आहे. त्यात अ‍ॅस्पार्टेट ३६ आणि ग्लुटामेट ६२, मिळून ९८ ऋण. लायसिन ५९ आणि आर्जिनिन २४, मिळून ८३ धन. पीएच ७ ला ढोबळ निव्वळ प्रभार -१५. पीआय ७ च्या बराच खाली असणार हे इथेच कळलं. उलट कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइम १२९ अमिनो आम्लांचं: ऋण ९, धन १७, निव्वळ +८, पीआय सुमारे ११.

लायसोझाइमवर थोडं थांबू, कारण मूळ प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर त्यात आहे. हे पक्कं आम्लारिधर्मी प्रथिन. पण त्याचं काम, म्हणजे जिवाणूंच्या भित्तिकेतला शर्करांमधला बंध तोडणं, चालतं ते एका आम्लगटाच्या जिवावर. ३५ व्या क्रमांकाचं ग्लुटामेट त्या बंधाला प्रोटॉन देतं. सुट्या ग्लुटामिक आम्लात बाजूच्या कार्बोक्झिलचा पीकेए ४.२५, इथे तो ६ च्या वर गेलेला असतो, कारण हा गट प्रथिनाच्या तेलकट, पाणी कमी असलेल्या खाचेत बसलाय आणि तिथे ऋण प्रभार घेऊन बसणं त्याला महाग पडतं. म्हणून तो प्रोटॉन घट्ट धरून ठेवतो आणि नेमक्या वेळी देतो. त्याच खाचेच्या दुसऱ्या बाजूचं ५२ क्रमांकाचं अ‍ॅस्पार्टेट मात्र साधारण नेहमीच्या पीकेएवरच राहतं. पीआय ११ हा आकडा पाहून यातलं काहीही ओळखता आलं नसतं. एन्झाइमची क्रिया कोणत्या पीएचला चांगली चालेल हे पीआयवरून सांगायचा मोह होतो, तो टाळा. ते क्रियास्थळावरच्या दोन-तीन गटांच्या पीकेएवर ठरतं. पेप्सिनमध्ये दोन्ही गोष्टी आम्लाच्या बाजूला जुळून येतात. त्यात लायसिन-आर्जिनिन अगदी मोजके, आम्लगट भरपूर, पीआय ३ च्या खाली, आणि काम जठराच्या आम्लात. पण ही जुळणी आहे म्हणून तिचा नियम करायचा नाही.

एकाच प्रभाराचा फरक किती मोठा ठरू शकतो ते हिमोग्लोबिनमध्ये दिसलं. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांचं हिमोग्लोबिन विद्युत क्षेत्रात ठेवून पाहिलं. त्याचा पीआय सामान्य हिमोग्लोबिनपेक्षा सुमारे ०.२ ने वर निघाला. पीएच ६.९ च्या बफरमध्ये सामान्य हिमोग्लोबिन ऋण होतं आणि सिकलचं धन. दोन्ही विरुद्ध दिशांना सरकली. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी कारण दाखवलं: बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामेटऐवजी व्हॅलिन. एक आम्लगट गेला; दोन बीटा साखळ्या धरून पूर्ण रेणूत दोन ऋण प्रभार कमी.

नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत, विशेषतः आदिवासी भागांत आणि विदर्भात, सिकल सेलची तपासणी करणाऱ्या तंत्रज्ञांच्या रोजच्या कामात हाच फरक असतो. आधी विद्राव्यतेची चाचणी, मग खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस (विद्युत क्षेत्रात प्रथिनं वेगळी करणं) किंवा एचपीएलसी (दाबाखाली द्रव कॉलममधून सोडून घटक वेगळे करणं). इलेक्ट्रोफोरेसिसचा बफर साधारण ८.६ पीएचचा ठेवतात. तो दोन्ही हिमोग्लोबिनांच्या पीआयच्या वर असल्याने दोन्ही ऋण असतात आणि धनाग्राकडे धावतात. सिकलचं मागे पडतं. पण इथे एक खोच आहे. हिमोग्लोबिन डी-पंजाब या दुसऱ्या बदललेल्या प्रकारात बीटा साखळीच्या १२१ व्या जागी ग्लुटामेटच्या ठिकाणी ग्लुटामिन असतं. तिथेही एकच आम्लगट गेलेला. त्यामुळे ८.६ पीएचच्या आम्लारी बफरमध्ये तो सिकलच्याच जागी दिसतो. प्रभार सारखा, प्रथिन वेगळं. म्हणून आम्ल पीएचवरच्या सायट्रेट अगार जेलची किंवा एचपीएलसीची जोड लागते.

प्रथिनाचा पीआय दगडावरची रेघ नसतो, हेही लक्षात असू द्या. वरच्या अल्ब्युमिनचा क्रमावरून काढलेला पीआय ५.७ च्या आसपास येतो, पण पुस्तकात ४.७ दिलेला असतो. रक्तातलं अल्ब्युमिन मेदाम्लं वाहून नेतं. ती चिकटलेली असताना ऋण प्रभार वाढतो आणि पीआय खाली येतो. मेद काढून टाकलं की तो पुन्हा वर सरकतो. दुधातल्या केसिनचा ४.६, आणि त्यात सेरिनवर चढलेल्या फॉस्फेट गटांचा हातभार आहे. नुसती अमिनो आम्लं मोजून तो आकडा नीट मिळत नाही. दूध ६.६ च्या आसपास असतं तेव्हा केसिनचे कण ऋण असतात आणि एकमेकांना दूर ठेवतात. विरजणातले जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करत पीएच ४.६ कडे आणतात, ते दूर ठेवणं संपतं आणि दही लागतं. निवळीतली प्रथिनं, दूध तापवलेलं नसेल तर, त्याच पीएचला खुशाल विरघळलेली राहतात, जरी बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनचा पीआय ५.२ च्या आसपास, म्हणजे तिथून जवळच असला तरी. पीआयला विद्राव्यता सर्वांत कमी असते हे खरं. कमी म्हणजे किती, ते प्रत्येक प्रथिनाचं वेगळं.

जिलेटिनमध्ये हा फरक कारखान्यातच तयार होतो. आम्ल वापरून काढलेल्या ‘ए’ प्रकाराचा पीआय साधारण ७ ते ९, चुन्यासारखं आम्लारी वापरून काढलेल्या ‘बी’ प्रकाराचा ५ च्या आसपास. मूळ कोलॅजेन दोन्हीकडे जवळपास तेच. आम्लारीमुळे अ‍ॅस्पाराजिन आणि ग्लुटामिनचे अमाइड गट तुटून त्यांचे आम्लगट होतात आणि पीआय खाली घसरतो. औषधी प्रथिनं साठवताना हीच प्रक्रिया हळूहळू होत असते. प्रतिपिंडांच्या गुणवत्ता तपासणीत ज्यांना ‘अ‍ॅसिडिक व्हेरिअंट’ म्हणतात, त्यांतला मोठा हिस्सा याचाच.

पीआय मुद्दाम हलवून केलेलं औषध म्हणजे इन्सुलिन ग्लार्जिन. साध्या मानवी इन्सुलिनचा पीआय ५.४ च्या आसपास. बी साखळीच्या शेवटी दोन आर्जिनिन जोडले की तो ६.७ पर्यंत चढतो. औषध पीएच ४ च्या द्रावणात भरतात. तिथे ते धनप्रभारित, स्वच्छ विरघळलेलं असतं. त्वचेखाली गेलं की ऊतींचा पीएच ७.४, म्हणजे पीआयच्या जवळ. तिथे त्याचा बारीक साका बसतो आणि त्यातून इन्सुलिन सावकाश सुटत राहतं. ए साखळीच्या २१ व्या जागचं अ‍ॅस्पाराजिन बदलून ग्लायसिन केलं, ते मात्र आम्ल द्रावणात ते अमाइड टिकलं नसतं म्हणून. ग्लार्जिन दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एकाच सिरिंजमध्ये मिसळू नका असं डॉक्टर सांगतात, त्यामागे हाच पीएच ४ चा मामला आहे.

प्रयोगशाळेत प्रथिन वेगळं करायचं असेल तर ढोबळ रीत अशी: बफरचा पीएच पीआयच्या निदान एक एककाने वर असेल तर प्रथिन ऋण, अ‍ॅनायन एक्स्चेंजचं, म्हणजे ऋण रेणू पकडणारं, रेझिन घ्या, तितकाच खाली असेल तर धन रेणू पकडणारं कॅटायन एक्स्चेंज. पण प्रभार प्रथिनाच्या पृष्ठभागावर सारखा पसरलेला नसतो. एका बाजूला लायसिनांचा पुंजका असेल तर पीआयच्या वर असतानाही प्रथिन कॅटायन रेझिनला चिकटतं. लोकांना हे अशक्य वाटतं, पण घडतं. ऑनलाइन गणकात क्रम टाकताना सिग्नल पेप्टाइड (प्रथिन तयार होताना कापून टाकला जाणारा सुरुवातीचा तुकडा) काढून टाका आणि हिस्टिडिन टॅग (शुद्धीकरणासाठी मुद्दाम जोडलेली हिस्टिडिनांची रांग) असेल तर तो धरून मोजा. मिळालेला आकडा कॉलम भरण्याआधी तपासून घ्या: अर्ध्या-अर्ध्या एककाच्या फरकाने चार-पाच बफर, प्रत्येक नळीत चिमूटभर रेझिन आणि थोडं प्रथिन, दहा मिनिटं हलवून खाली बसू द्या, आणि वरच्या द्रवात प्रथिन किती उरलं ते मोजा.